आमच्या घाटीसाठी घाटावरची गाडी

गुहागरकडच्या आमच्या वाडीला उतरणारी जी घाटी आहे, ती सरकारदरबारी रस्ता म्हणून नोंदलेली आहे. ज्यानं नोंदली तो माणूस वरूनच परत गेला असणार. जांभा फोडून केलेली ती उतरण उन्हाळ्यात लाल धुळीची असते आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांची. मध्ये एक वळण असं आहे, की कुठलीही गाडी एका दमात वळत नाही. थांबायचं, दरीच्या अंगाला थोडी मागे घ्यायची आणि पुन्हा चढवायची. माझा एक छोटा टेम्पो आहे. आंब्याच्या पेट्या आणि कोकमाच्या बाटल्या मी त्यातून चिपळूणला पोचवते. पाऊस लागला की तो टेम्पो वरच्या फाट्यावर उभा राहतो आणि आम्ही दोघं पायी खालीवर करतो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या यांच्या छातीत दुखायला लागलं. वाडीतल्या चौघांनी यांना खुर्चीत बसवून घाटी चढवली. मी मागून छत्री धरून चालत होते, आणि मला गाडी चालवता येते याचा त्या वेळी काडीचा उपयोग नव्हता. हे वाचले. पण आमचा मुलगा केदार कल्याणहून दुसऱ्या दिवशी पोचला, तो घर बंद करायचं ठरवूनच. पुढचा पावसाळा आईबाबा कल्याणला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हे दिवसभर सुपारीच्या बागेत असतात. माझ्याशी बोलत नाहीत इतकं झाडांशी बोलतात. बागेचं काय, असं यांनी एकदाच विचारलं. 

मग मीच म्हटलं, "पावसात घाटी चढेल अशी गाडी आणली तर?"

"मे संपायच्या आत आण," केदार म्हणाला. "मी स्वतः बसून बघेन. पटलं तर राहा. नाही पटलं तर सामानाची खोकी घेऊनच येतोय."

चारही चाकांना ताकद देणारी नवी मोठी फोर बाय फोर घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. जुनी घ्यायची, तर कोकणातली नको असं जो तो सांगत होता. खारी हवा पत्रा खालून खाते. गाडी वरून नवरीसारखी आणि खालून चाळण. डिझेलवर चालणारी, कोरड्या हवेत राबलेली गाडी हवी तर घाटावर जा. म्हणून मे अर्धा उलटल्यावर आम्ही दोघं एसटीत बसलो आणि कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला उतरलो.

सातारा

साताऱ्याला माझ्या मैत्रिणीचे थोरले भाऊ राहतात. सैन्यात सुभेदार होते, उभा जन्म ट्रक चालवण्यात गेला. त्यांना सगळे सुभेदारच म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. आम्ही फक्त सल्ला विचारायला गेलो होतो, पण त्यांनी आमची मोहीम ताब्यात घेतली.

"ताई, गाडीचा फकस्त धूर बघायचा," ते म्हणाले. "काळा म्हंजे डिझेल खाती. निळा म्हंजे ऑइल पिती. पांढरा म्हंजे देवाघरी चालली. बाकी समदं आमच्यावर सोडा. नो टेन्शन."

आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, जेवणार का. पाहुणा भिडेनं नको म्हणतो आणि यजमान ते खरं मानतो, दोघांचंही भागतं. साताऱ्याला हा प्रश्नच विचारत नाहीत. पाट मांडलेला असतो. भाकरी, खर्डा, पिठलं आणि वर वाटीभर तूप. यांना तूप बंद आहे असं मी सांगितलं, तर वहिनी म्हणाल्या, "आवं, ह्ये गाईचं हाय," आणि वाढलं. हे माझ्याकडे न बघता जेवले.

जेवताना सुभेदार आमच्या यांना गाड्यांबद्दल समजावत होते. इंजिन, क्लच, टायर, सगळं यांना. शेवटी हे म्हणाले, "मला चालवता येत नाही. चालवणार ही." सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं, घास गिळला आणि पुन्हा यांच्याकडेच वळून पुढचं सांगू लागले. पुढे सगळीकडे हेच झालं. गाडी घेणारी मी, आणि जग बोलत होतं माझ्या नवऱ्याशी.

खंडाळा

पहिली गाडी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळ, हायवेला लागून असलेल्या जुन्या गाड्यांच्या आवारात होती. काळी कुळकुळीत. टपावर दिव्यांची रांग, चाकं एवढी रुंद की आमची घाटी त्यातल्या एका चाकाखाली संपली असती. विकणारा तरुण केसांना काहीतरी चोपडून उभा होता.

"सर, बसून बघा," तो यांना म्हणाला.

हे जाऊन मागच्या सीटवर बसले. मी पुढे बसले. तरुणाचा चेहरा जरा उतरला, पण चावी दिली.

पुढच्या चाकांना ताकद देणारा लिव्हर मी मैदानातल्या मातीच्या ढिगाजवळ टाकला आणि गाडी ढिगावर घातली. मागची चाकं जागेवर माती उडवत फिरू लागली. पुढची चाकं शांत उभी. सुभेदारांनी मला थांबवलं, रुमाल अंथरून गाडीखाली आडवे झाले आणि खालूनच बोलले, "गड्या, पुढची चाकं फिरवणारा दांडा कुठं हाय रं?"

"सर, तो काढलाय. मायलेजसाठी. कस्टमरला तसंच आवडतं."

"मग फोर बाय फोर कशाला म्हणतोस?"

"सर, स्टिकर आहे ना मागं."

स्टिकर होतं, यात वाद नाही. सुभेदार कपडे झटकत उठले आणि परतीच्या वाटेवर बराच वेळ स्वतःशीच हसत होते. मला मात्र हसू येत नव्हतं. पहिलाच दिवस वाया गेला होता.

माण

दुसऱ्या दिवशी दहिवडीच्या पुढे. कोकणातल्या माणसानं मे महिन्यात माण तालुक्यात जावं आणि मग आपल्याकडच्या विहिरीला नमस्कार करावा. एवढं मोठं आभाळ आणि एवढी थोडी झाडं मी एका वेळी पाहिली नव्हती. माळावर मेंढरं, दगड आणि मध्येच एखादी पत्र्याची वस्ती. त्यातल्या एका वस्तीपुढे आमची गाडी उभी होती. आमची म्हणते, कारण बघताक्षणी मला ती आमची वाटली. धुळीनं रंग कळत नव्हता, पण उभी होती ठाम.

मालक मुंबईला असतात. फोनवर त्यांनीच बोलावलं होतं. घरात त्यांच्या पत्नी होत्या, कुसुमताई. मी दार उघडलं आणि माझ्याआधी दोन शेळ्या आत चढून खिडकीपाशी बसल्या. त्यांना बाजाराला त्याच गाडीतून न्यायची सवय होती.

"तुमी चालवता व्हय?" कुसुमताईंनी थेट मला विचारलं. या प्रवासात मला हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस. "मी बी चालवती. लायसन न्हाई, पण हितं बघतंय कोण? शेळ्या?"

आम्ही दोघी आणि शेळ्या मागच्या टेकाडावर गेलो. मी मध्येच थांबवली, मागे घेतली, पुन्हा चढवली. गाडी जराही कचरली नाही. मला ती गाडी इतकी हवीशी वाटली की खाली येताना मी मनातल्या मनात ती आमच्या मांडवाशेजारी उभी केली होती.

कुसुमताईंनी पानं वाढली. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मिरचीचा ठेचा. सगळ्यांचं जेवण अर्धं झाल्यावर शांतपणे म्हणाल्या, "पोटभर जेवा आन् जावा. गाडी द्यायची न्हाई."

सुभेदारांचा हात वाटीतच थांबला. "आवं, मालकांनी विकायला काढलीया."

"त्येंनी काढलीया, मी न्हाई. उन्हाळाभर पाण्याची टाकी तीच वढती. आमच्या वस्तीला आन् वरच्या दोन वस्त्यांला. ममईत नळ सोडला की पाणी येतं, त्येंना काय ठावं?"

"मग आम्हाला फोन करून सांगायचं," सुभेदार म्हणाले.

"तुमी आला नसता. मग जेवू कुणाला घातलं असतं?"

मला राग यायला हवा होता. पण मला ती बाई फार आवडली. गाडीशिवाय वस्ती कशी उठते हे मला नव्यानं सांगायची गरज नव्हती. निघताना तिनं माझ्या पिशवीत माडग्यासाठी हुलगे बांधून दिले. सुभेदार बसस्थानकापर्यंत धुमसत होते, "ह्याला काय अर्थ हाय? टायमाची काय किंमत?" हे म्हणाले, "माडगं छान होतं." त्या दिवसभरात हे एवढंच बोलले.

विश्रामबाग

मग सांगली. कृष्णेकाठचा तो हिरवागार पट्टा लागला, दोन्ही बाजूंना ऊस, आणि माणातून आलेल्या डोळ्यांना ते जरा उधळपट्टीचंच वाटलं. विश्रामबागेत एका निवृत्त प्राध्यापकांकडे गाडी होती. गाडीला कापडी झूल, सीटवर प्लास्टिक, प्लास्टिकवर चादर. ती घेतल्यापासून ते फारतर देवळापर्यंत गेले होते. चालवून बघू का विचारल्यावर म्हणाले, "बघा, पण चढावर नेऊ नका. तिला सवय नाही."

 भडंग खाल्लं, चहा प्यायले, आणि मग मला काय हवंय ते सगळं सांगून टाकलं: घाटी, वळण, खुर्ची, केदार, खोकी.  प्राध्यापकांनी झूल पुन्हा नीट ओढून घेतली आणि म्हणाले, "तुम्हाला पाळलेली नको, राबलेली हवी. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील आहेत, नदीकाठी ऊस आहे त्यांचा. त्यांनी कालच फोन केला होता, कुणी सज्जन गिऱ्हाईक असेल तर सांगा म्हणून."

कृष्णेकाठी

बाळगोंडा अण्णा आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सारं गाव आक्का म्हणतं, हे जैन शेतकरी कुटुंब. बारा बैलांचा गोठा होता तो आता ट्रॅक्टरांचा झाला, तरी गोठाच म्हणतात. त्यात आमची गाडी बांधलेली होती. बांधलेली हा शब्द अण्णांचा. पांढरी, मोठ्या नाकाची, जुनी, आणि पुढच्या बंपरला साखळ्यांचे घट्टे पडलेले. ऊसतोडीच्या दिवसांत काळ्या रानात ट्रॉल्या रुतल्या की हीच ओढून काढायची. आता नातवानं दुसरा मोठा ट्रॅक्टर आणला आणि अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, म्हणून विकायची.

सुभेदारांनी धूर पाहिला. धुराला रंगच नव्हता. ते जरा नाराज झाले, कारण सांगण्यासारखं काही उरलं नाही.

"पण अण्णा," मी म्हटलं, "मला चिखलातल्या चढावर बघायची आहे. आणि इथे तर सगळं सपाट, कोरडं."

अण्णांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मग यांना बघितलं. "चिखल न्हाई म्हणता? करतो की."

मी समजले, थट्टा करताहेत. पण त्यांनी विहिरीवरची मोटार चालू केली आणि नदीकडे उतरणाऱ्या पाणंदीत, शेतांमधल्या गाडीवाटेत, पाणी सोडून दिलं. आम्ही ओसरीवर बसून चहा पीत होतो आणि समोर आमच्यासाठी चिखल तयार होत होता. हळूहळू गाव जमलं. कोकणातली बाई चिखलात गाडी घालणार ही बातमी पाण्याच्याही पुढे पोचली होती. कुणी तरी म्हणालं, "अजून वाईच सोडा अण्णा, लय घट हाय." अण्णांनी अजून सोडलं.

काळ्या मातीचा चिखल म्हणजे काय चीज आहे हे आम्हा तांबड्या मातीच्या माणसांना ठाऊक नसतं. तो चाकाला नुसता लागत नाही, चाकावर राहायला येतो. हे आपणहून मागे जाऊन बसले. "वजन हवं ना," म्हणाले. मी गाडी नदीपर्यंत उतरवली, वळवली, चारही चाकांना ताकद दिली, लो गिअर टाकला आणि चढू लागले. बरोबर मध्यावर थांबले.  आरशात हे दिसत होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून, एसटीत बसल्यासारखे. मी गाडी हातभर मागे घेतली. मागचं चाक कडेला सरकलं. मग मी क्लच सोडत आणला आणि ती बया, देवाशपथ, कण्हत कण्हत वर आली. पुन्हा एकदा केलं. तेव्हाही आली.

"ताई," अण्णा म्हणाले, "आमच्या पोरास्नी बी असं जमत न्हाई." आता ते माझ्याशी बोलत होते.

सौदा मात्र अडला. अण्णांना सौदा बैलबाजारातल्यासारखाच करायचा होता: रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून, आकडा तोंडानं न उच्चारता. बाईमाणसाचा हात रुमालाखाली कसा धरायचा, म्हणून त्यांनी यांच्यापुढे हात केला. हे म्हणाले, "गाडी तिची, बोटंही तिचीच." सगळे घुटमळले. तेवढ्यात आक्का ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "सरा तिकडं. मी धरते."

त्यांनी आपला पदर आमच्या दोघींच्या हातांवर टाकला. सबंध बोट म्हणजे किती, अर्धं पेर म्हणजे किती, हे कानात सांगितलं. मग बोटं दाबली. मी एक बोट सोडवलं. त्यांनी अर्धं परत धरलं. मी हसले, त्याही हसल्या, आणि झालं. अण्णांना आपली गाडी कितीला गेली हे सगळ्यात शेवटी कळलं. आकडा मी लिहीत नाही. पदराखालचा होता, तिथेच राहू दे.

जेवण सूर्य मावळायच्या आत. ज्वारीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. आम्ही कोकणात दिवेलागणीनंतर मासळी तळायला घेतो, तेव्हा या घरात भांडीसुद्धा घासून पालथी पडलेली असतात. आम्हाला ते मानवलं. सुभेदारांना मात्र अंगणातल्या खाटेवर फार लवकर भूक लागली. विश्रामबागेतलं उरलेलं भडंग कुठे गेलं, हे मी दुसऱ्या दिवशी विचारलं नाही.

कराडच्या अलीकडे

शनिवारी सकाळी सांगलीत कागदपत्रांवर सह्या झाल्या. आक्कांनी माझी ओटी भरली, गाडीच्या नाकाला कुंकू लावलं. अण्णांनी एक नवी कोरी चावी माझ्या हातात दिली. गाडी गोठ्याबाहेर काढली तेव्हा ते घरात निघून गेले. दुसऱ्या दिवशी, मेच्या शेवटच्या रविवारी, केदार खोकी घेऊन येणार होता, म्हणून आम्ही थांबलो नाही. उंच सीटवरून हायवे बघत, खिडक्या उघड्या टाकून, मी गाणं गुणगुणत निघाले. सुभेदार कराडला उतरून साताऱ्याची बस धरणार होते.

विकलेल्या गाडीत डिझेल ठेवायचं नाही, हा रिवाज घाटावर आणि कोकणात सारखाच आहे. काटा तळाला टेकला तशी कराडच्या अलीकडे पंपावर घातली. पंपवाल्यानं टाकीच्या झाकणात चावी घातली. फिरेना. मी प्रयत्न केला, सुभेदारांनी केला, मागच्या ट्रकचा क्लीनर आला, त्यानं केला. चावी इंजिनची होती, दारांची होती, टाकीची नव्हती.

अण्णांना फोन लावला. 

"चुकलंच माझं, ताई," अण्णा म्हणाले. "डिझेल कवाबी मीच भरायचो. टाकीची चावी जुन्या जुडग्यात ऱ्हायली."

"मग ते जुडगं कुणाच्या तरी हाती पाठवता का? आम्ही थांबतो."

"त्ये न्हाई द्यायचं."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. मग अण्णांनी सांगितलं. बैल विकला तरी त्याचं दावं, बांधायचा दोर, विकायचं नाही. जनावर जातं, दावं घरच्या खुंटीला राहतं. दावं गेलं तर त्याच्यामागं गोठ्याची बरकत जाते. त्यांच्या बापानं, आज्यानं विकलेल्या प्रत्येक बैलाचं दावं त्या घरात आहे. गाडी विकली तेव्हा अण्णांनी विचार केला, हिचं दावं कुठलं? तर चावी. म्हणून आमच्यासाठी सांगलीहून नवी चावी करून आणली आणि जुनं जुडगं बैलांच्या दाव्यांशेजारी टांगलं. "झाकण फोडा," ते म्हणाले. "नव्याचं पैसं मी देतो. पर जुडगं मागू नका."

सुभेदारांना एवढंच हवं होतं. पंपवाल्याकडून हातोडी घेऊनच आले. तेव्हा हे पुढे झाले आणि झाकणावर हात ठेवून म्हणाले, "फोडू नका. घरी न्यायच्या आधीच फोडाफोडी नको."

"आवं साहेब, मग काय इथंच संसार मांडायचा?" सुभेदार म्हणाले.

माझा धीर सुटला. उद्या केदार येणार आणि मी फुकट धावाधाव करून, बिनडिझेलची गाडी घेऊन कराडला बसलेली. मी यांच्यावर ओरडले. तुमच्यासाठीच तर हे सगळं चाललंय आणि तुम्ही झाकणाला जपताय, असं काय काय बोलले. हे ऐकून घेत होते, पण हात काढला नाही.

मग फोन वाजला. आक्का होत्या. "आमचं म्हातारं निगालंय एसटीनं. चहा पीत बसा."

दुपारी अण्णा आले. धुवट धोतर, टोपी, आणि कमरेच्या पिशवीत जुडगं. आमच्याशी न बोलता आधी गाडीपाशी गेले, बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "तापलीया." मग स्वतःच्या हातानं टाकी उघडली आणि पंपवाल्याला काठोकाठ भरायला सांगितली. त्याचे पैसे त्यांनी दिले. मी पर्स उघडली तर माझ्याकडे असं बघितलं की मी ती मिटली. समोरच्या दुकानातून नवं झाकण आणलं, बसवलं, त्याची चावी मला दिली. जुनं झाकण आणि जुडगं दोन्ही पिशवीत परत गेलं. दावं खुंटीवरून निघालं होतं, पण विकलं गेलं नव्हतं. स्वतः मालकाच्या कमरेला होतं. एवढ्यावर त्यांनी आपल्या मनाचा आणि आमच्या टाकीचा मेळ घातला होता.

"चला ना आमच्याबरोबर," मी म्हटलं. "समुद्र दाखवते."

"नको. मला पवता येत न्हाई," अण्णा गंभीरपणे म्हणाले, आणि सुभेदारांना घेऊन बसस्थानकाच्या रिक्षात बसले. रिक्षा वळेपर्यंत ते मान मागे करून बघत होते. आमच्याकडे बघत नव्हते. 

घरी

कुंभार्ली उतरताना खिडकीतून ओलसर वारा आत आला आणि हे म्हणाले, "आलो." अंधारायच्या आत घाटी उतरलो. कोरडी होती, त्यामुळे त्यात काही विशेष नव्हतं.

रविवारी केदार आला. वरच्या फाट्यावर भाड्याच्या गाडीतून दोऱ्यानं बांधलेली खोकी उतरवली. रात्री कुठल्या तरी ढगानं वाट चुकून एक जोरकस सर टाकली होती आणि जांभ्यावर लाल राड झाली होती. केदार खोकी तिथेच झाडाखाली ठेवून, घसरत घसरत, चालतच खाली आला. चहासुद्धा घेतला नाही.

"चल," म्हणाला.

तो माझ्या शेजारी बसला, हे मागे. मी चढायला लागले. वळणापाशी थांबले, तेव्हा केदारनं हात हँडब्रेकवर घट्ट धरला आणि डोळे मिटून घेतले. मी दरीकडे मागे घेतली, लो गिअरमध्ये उचलली आणि वर आणली.

"पुन्हा," केदार म्हणाला.

पुन्हा उतरले, पुन्हा चढले. या वेळी त्यानं डोळे उघडे ठेवले, पण हात तिथेच होता. वळण ओलांडल्यावरही त्यानं तो काढला नाही, आणि मला जे वर्षभर कळलं नव्हतं ते कळलं. हा हट्ट नव्हता. फोन आला तेव्हा माझा मुलगा कल्याणहून निघून, आपण पोचेपर्यंत बाबा असतील की नाही, याचा हिशोब करत ती रात्र एसटीत बसला होता. मी त्याच्याशी नुसती वाद घालत राहिले.

"पुन्हा," तो म्हणाला. मी पुन्हा नेली.

आमच्याकडे मोबाइलला रेंज फक्त वरच्या फाट्यावर मिळते. तिथे तो उतरला आणि बायकोला फोन लावला. आम्ही गाडीतच होतो.

"ती खोली आवरू नकोस," तो सांगत होता. "नाही येत ते... नाही, त्यांनी ऐकलं नाही असं नाही. मीच म्हणतोय."  पाठमोरा होता. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि परत आला.

मी पुढचं दार उघडून धरलं. तो तिथे बसला नाही. मागचं दार उघडून यांच्या शेजारी जाऊन बसला, आणि हे त्याला विचारू लागले की रजा किती आहे, वरच्या झाडाचे आंबे अजून उतरवायचे राहिलेत. दोघं बोलत होते, पुढे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी गाडी लो गिअरमध्ये टाकली आणि घरी घेऊन आले.